सोयऱ्यांना दिसू नये म्हणून

ताडकळसच्या बाजाराच्या दिवशी रंगनाथच्या पिठाच्या गिरणीवर दळणाची रांग लागायची. डबे आणि टोपल्या एकामागे एक मांडून बाया ओट्यावर बसत आणि गिरणीच्या घरघरीवर आवाज चढवून बोलत. कुणाकडे पाहुणे येऊन गेले, कुणाची सून माहेरी जाऊन बसली, कुणाच्या पोराचं कुठे जमलं, हे सगळं त्या ओट्यावर ज्वारीच्या आधी बारीक होत असे. रंगनाथची बायको केशरबाई हे पुरतं ओळखून होती. म्हणून अशाच एका बाजाराच्या दिवशी पहाटेचं सडासारवण झाल्याबरोबर तिने देवळीतली नवऱ्याच्या गोळ्यांची पाकिटं काढली, जुन्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळली आणि आतल्या खोलीतल्या ज्वारीच्या कणगीत कोपरापर्यंत हात घालून खोल दाबून टाकली.

रिकाम्या देवळीत तिने भिजवलेल्या मेथ्यांचा पेला ठेवला. शेजारी सोललेल्या लसणाची वाटी आणि जवसाच्या चटणीची बरणी. ही मंडळी कुणीही पाहिली तरी हरकत नव्हती. लसूण कुणाच्या घरात नसतो?

गोळ्या लपवण्याचं कारण गोळ्यांत नव्हतं. घरात लग्नाची मुलगी होती. आपल्याकडे लग्नाच्या मुलीच्या बापाला आजारी पडायची मुभा नसते. तो कर्जबाजारी असला तर लोक समजून घेतात, दारुडा असला तर एक वेळ चालवून घेतात. पण रोज गोळी घेणारा बाप म्हणजे घराण्याला खोट, आणि खोट म्हटली की ती मुलीच्या अंगात आलीच असं धरून सोयरे चालतात.

विद्यापीठाच्या नामांतराचा निकाल लागला त्याच्या आदल्या वर्षाची ही गोष्ट. रंगनाथ तेव्हा चाळिशीच्या थोडा पुढे होता. उंचापुरा, हसरा, ज्वारीचं भरलं पोतं एकट्याने पाठीवर घेणारा माणूस. त्याच्या डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यांशी पिवळसर, डाळीएवढे उंचवटे होते. ओट्यावरच्या बाया थट्टा करत, की एवढं पीठ दळतोस, तोंड तरी नीट धुवत जा. तोही हसून सोडून देई. पण ते पीठ नव्हतं.

मागच्या दिवाळीनंतर पोतं उचलताना त्याच्या छातीत कळ आली होती. घरच्यांनी ओवा दिला, सोडा दिला, पोट साफ नाही म्हणून एरंडेल पाजलं. कळ पुन्हा पुन्हा येऊ लागली तेव्हा केशरबाई हट्टाने त्याला परभणीला डॉ. सोनकांबळे यांच्याकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी छातीला नळी लावायच्या आधी त्याच्या डोळ्यांच्या कोपऱ्यांकडे निरखून पाहिलं. रक्त तपासायला लावलं. तपासणी हातात आल्यावर त्यांनी विचारलं, वडील कशाने गेले, भाऊ कशाने गेला.

केशरबाईने गावभर ठाऊक असलेलं उत्तर दिलं. सासरे आश्रुबा ऐन उमेदीत शेतात उन्हाचा झटका येऊन गेले. थोरले दीर बन्सीधर यांना खळ्यावर पान लागलं. साप चावला असं आमच्याकडे तोंडाने म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात.

रंगनाथ खाली मान घालून बसला होता. मग म्हणाला, "साप न्हवता, डॉक्टरसाहेब. दादा खळ्यावर छाती धरून बसला अन् तसाच आडवा झाला. साप मायनं सांगितला. माझी सोयरीक चाललेली तवा."

केशरबाई नवऱ्याकडे बघतच राहिली. ती सोयरीक म्हणजे तिचीच. एवढी वर्षं त्या घरात नांदून, त्या माणसाचं लेकरू वाढवून, तिला आज डॉक्टरच्या खुर्चीपुढे कळत होतं की आपलं लग्न एका न चावलेल्या सापावर लागलं आहे. तिला राग आला, आणि नवऱ्याची कीवही आली. परक्या ठिकाणी तिने दोन्ही गिळून टाकलं.

डॉक्टरांनी सावकाश समजावून सांगितलं. डोळ्यांच्या कोपऱ्यांशी दिसते ती ही चरबी ताटातून आलेली नाही, जन्मापासून रक्तात आहे, घराण्यात चालत येते आणि हृदयाच्या नळ्यांत थर धरते. लसूण खा, मेथ्या खा, करडईचं तेल वापरा, चाला, त्यात वावगं काही नाही. पण एवढी चरबी नुसत्या त्याने उतरायची नाही. गोळ्या रोज घ्यायच्या, बरं वाटलं तरी घ्यायच्या. आणि निघताना ते म्हणाले, "तुमच्या मुलीचंही रक्त तपासून घ्या. मुलगी आहे म्हणून ती यातून सुटली, असं नसतं."

आणते म्हणून केशरबाई उठली. तिने मुलीला नेलं नाही. रक्त तपासलं आणि त्यात निघालं तर? न तपासलेल्या मुलीत खोट नसते, हे गणित तिने तिथल्या जिन्यातच मांडलं होतं.

घरी सासूने, कडूबाईने, आधी डॉक्टरचं आडनाव विचारलं. नामांतरावरून गावागावांत तेव्हा मनं पेटलेली होती. आडनाव ऐकल्यावर म्हातारीने तोंडातली तंबाखू थुंकली आणि आमच्या रक्तात काय हाय ते आता ह्यांनी सांगायचं का, म्हणाली. खरं तर तिला गोळीच नको होती. नको म्हणायला आडनाव आयतं सापडलं. अशी आयती कारणं आपल्या समाजात प्रत्येक उंबऱ्यावर पडलेली असतात, वाकून उचलायचा अवकाश.

तरीही रंगनाथने गोळ्या घेतल्या, आणि गुण आला. उन्हाळ्यापर्यंत तो न थांबता शेतापर्यंत चालत जाऊ लागला. छातीतली कळ गेली. केशरबाई रोज जेवणानंतर त्याच्या हातावर गोळी ठेवी आणि तो पाण्याबरोबर गिळेपर्यंत पुढ्यात उभी राही. त्यांच्या संसारातले ते महिने निवांत गेले.

मग कुशावर्तासाठी स्थळ आलं. कुशावर्ता त्यांची एकुलती एक मुलगी. बारावी झालेली, बापासारखी उंच आणि हसरी, गिरणीचा पट्टा घसरला तर स्वतः चढवणारी. स्थळ सेलूचं, मुलाचे वडील दिनकरराव कापसाचे मोठे व्यापारी. मध्यस्थ भगवानराव, म्हणजे कडूबाईच्या नात्यातला माणूस. गावोगावच्या मुलामुलींची लग्नं जमवण्यात त्याचा जन्म गेलेला. चहा घेताना त्याची नजर देवळीतल्या गोळ्यांकडे गेली आणि त्याने बशी खाली ठेवली.

"केशर, काढा चालतो," तो म्हणाला. "लसूण, मेथ्या, अर्जुनाची साल, सारं चालतं. कुणी इचारलं तर वातावर घ्यायलेत म्हणायचं. पण गोळी दिसली की सोयरे रोगाचं नाव इचारतेत. अन् नाव सांगितलं की उठून जातेत."

कडूबाईला एवढं पुरलं. झाडपाला देवाने दिला आहे, गोळ्या माणसाने केल्या, असं तिने दोन वाक्यांत उरकलं. रंगनाथनेही मोडता घातला नाही. पोरीचं होऊन जाऊ दे, मग पुन्हा चालू करतो, आता तर बरं वाटायलंय, असं तो म्हणाला. ज्या गोळीने बरं वाटत होतं तीच त्या बरं वाटण्याच्या जोरावर बंद झाली.

केशरबाईचं माहेर चारठाण्याचं. तिथले नागनाथ वैद्य पंचक्रोशीत नावाजलेले. ती नवऱ्याला त्यांच्याकडे घेऊन गेली. वैद्य सज्जन होते. नाडी बघून त्यांनी विचारलं, छातीत दुखतं का. केशरबाई म्हणाली, नाही, नुसता वात धरतो. डॉक्टरची काही गोळी चालू आहे का. नाही. भाऊ कशाने गेला. पान लागलं. वैद्यांनी त्या उत्तरांच्या भरवशावर अर्जुनाची साल दिली आणि दुधात उकळून घ्यायला सांगितलं. त्यांचं काय चुकलं? डॉक्टरला खरं सांगून त्याचं औषध बंद करायचं आणि वैद्याला खोटं सांगून त्याचं औषध घ्यायचं, असला शहाणपणा आपणच करू जाणे.

सेलूचे पाहुणे आले. मुलाची आई सगुणाबाई आणि तिच्या जावा दिवसभर घरात होत्या. त्यांनी मुलीला चालायला लावलं, वेणी सोडून केस पाहिले, स्वयंपाकघरात जाऊन भांडी पाहिली, देवळी पाहिली. तिथे मेथ्यांचा पेला होता. मग सुपारी कातरता कातरता सगुणाबाईने विचारलं, थोरले दीर लवकर गेले म्हणतात, ते कशाने?

 कडूबाईने सुनेकडे पाहिलं.

"पान लागलं," केशरबाई म्हणाली.

खाली मान घालून बसलेल्या कुशावर्ताने क्षणभर डोळे वर केले. चुलत्याचं खरं काय झालं ते तिला बापाने सांगितलं होतं. आईने ती नजर चुकवली. ज्या थापेने आपण फसलो तीच थाप आपण आपल्या तोंडाने पुढे सरकवली, हे केशरबाईला तत्क्षणी समजलं आणि तरी तिने पाहुण्यांना चहाचा आग्रह केला.

सुपारी फुटली. आमच्याकडे त्या दिवशी दोन्ही इवायांनी, म्हणजे व्याह्यांनी, एका ताटात जेवायचं असतं. पुरणपोळीवर तूप धरलं गेलं, ते पोळीवरून ओघळून ताटात साचलं, आणि मुलीच्या बापाने हात आखडता घेतला तर तो मनाचा कोता किंवा पोटाचा रोगी. रंगनाथ जेवला. लग्न तुळशीच्या लग्नानंतरचं ठरलं.

श्रावणात कळ परत आली. तो सांगेना, पण केशरबाईला पोतं उचलण्याआधी त्याचं उभं राहणं दिसे. तिने काढ्याची साल दुप्पट केली. एके दिवशी राहवेना, तेव्हा तिने कणगीतून गोळ्या उकरून काढल्या आणि त्याच्या हातावर ठेवल्या. त्याने पाकीट तिला परत दिलं. घरात रोज कुणी ना कुणी येतंय, लगीन होऊ दे, थोडंच राहिलंय, म्हणाला. तिने जोर केला नाही. ही गोष्ट तिने पुढे कुणापासून लपवली नाही, म्हणून इथे लिहिली आहे.

दसरा होऊन गेल्यावर एका दुपारी गिरणी चालू होती आणि पीठ खालच्या डब्यातून ओसंडून जमिनीवर पडत होतं. ओट्यावरच्या बाया ओरडल्या, अरे रंगनाथ, पीठ सांडायलंय. तो चक्कीला टेकून बसलेला होता. कुशावर्ताने पळत जाऊन आधी खटका पाडला आणि मग बापाला हलवलं. त्याचं डोकं तिच्या खांद्यावर आलं. तो संपला होता.

कडूबाई आतून आली. नवरा आणि थोरला मुलगा गेलेल्या त्या बाईचा हा शेवटचा मुलगा.  पण त्या घराला इतक्या वर्षांत लागलेलं वळण तिच्या शोकाहूनही चपळ निघालं. रडायच्या आधी ती गोळा झालेल्या बायांकडे वळून म्हणाली, मोटारीचा करंट लागला माझ्या लेकराला. मग तिने टाहो फोडला. केशरबाईने तो शब्द ऐकला. तिने तो खोडला नाही. तिन्हीसांजेपर्यंत रंगनाथ गावभर करंट लागून गेलेला होता.

दहाव्याला नदीवरचे विधी आटोपून माणसं घरी आली. सेलूहून दिनकररावही आले होते. त्यांनी भल्या माणसासारखा धीर दिला. करंट लागला, त्याला कुणाचा इलाज, म्हणाले. दिलेला शब्द पाळू, लगीन वर्षाच्या आत उरकून घेऊ. बैठकीत सुटकेची कुजबुज झाली. भगवानरावाने मान डोलावली. कडूबाईने दोन्ही हात जोडले.

केशरबाई आतल्या दाराशी बसली होती. कुशावर्ता तिला पाणी द्यायला वाकली तेव्हा उंबऱ्यावरचा उजेड मुलीच्या चेहऱ्यावर पडला. डाव्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याशी राळ्याच्या दाण्याएवढं पिवळं काहीतरी होतं. गिरणीतलं पीठ असेल म्हणून केशरबाईने अंगठ्याने पुसलं. पुन्हा पुसलं. ते निघेना.

ती उठली आणि दहाव्याच्या दिवशी विधवेने जिथे जायचं नसतं त्या पुरुषांच्या बैठकीत जाऊन उभी राहिली.

"करंट न्हवता लागला," ती म्हणाली. "ह्यांच्या रक्तात चरबी होती. सासऱ्यांच्या होती, दिराच्या होती. साप कुणालाच चावला न्हाई. गोळीनं माणूस बरा झाल्ता. तुमाला दिसू नये म्हणून गोळ्या मी कणगीत दाबल्या अन् लसूण खाऊ घातला. आता पोरीचं रक्त तपासायचंय. तपासून, लागलं तर औषध चालू करून, मग लगीन करायचं असलं तर आमी तयार हाओत."

 दिनकररावांनी बराच वेळ टोपी काढून हातात धरली, मग पुन्हा घातली.

"इहीणबाई, दुखणं कुणाच्या घरात न्हाई?" ते म्हणाले. "पण चारचौघांत बोलून दाखवल्यावर आमाला करता येत न्हाई."

ते उठून गेले आणि त्यांच्यामागे बैठक उठली. पोरीला जित्ती पुरलीस गं, म्हणून कडूबाईने कपाळ बडवून घेतलं. ती त्यानंतर सुनेशी कधी धड बोलली नाही. भगवानराव जाता जाता म्हणाला, की असली बाई आपण उभ्या जन्मात पाहिली नाही, आणि ते तो कौतुकाने म्हणाला नव्हता.

पुढच्याच आठवड्यात केशरबाईने कुशावर्ताला परभणीला नेलं. रक्तात तेच निघालं, बापाचंच. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात, खाणंपिणं सांभाळून आणि औषधावर ही मुलगी म्हातारी होईल. एवढं ऐकून केशरबाई तिथे खुर्चीवर बसून मोठ्याने रडली. नवरा गेल्यापासून ती अशी रडली नव्हती.

कुशावर्ता गिरणी चालवू लागली. गोळ्या देवळीत, उघड्यावर. मेथ्यांचा पेलाही शेजारी होताच, त्याच्याशी कुणाचं वैर नव्हतं. त्या हिवाळ्यात नामांतर झालं, गावं पेटली, एसट्या बंद पडल्या, पुन्हा सुरू झाल्या. कुशावर्ताला मात्र एकही स्थळ आलं नाही. बाया तिच्याकडून पीठ नेत आणि घरी जाऊन तिला गोळीवाली म्हणत. ज्या घरांत अवघ्या चाळिशीच्या माणसांना एकामागून एक उन्हाचे झटके येत होते ती घरं मात्र गावात खानदानी होती, आणि त्यांच्या मुली पटापट उजवल्या जात होत्या. आपण सगळे असल्या लग्नांत जेवलो आहोत. अक्षता टाकताना, मुलीचा बाप मांडवाच्या खांबाला धरून का उभा आहे, हे आपल्यापैकी कुणी विचारलं?

उन्हाळ्यात बाजाराच्या दिवशी परभणीच्या बसमधून एक बाई उतरली आणि पदराने तोंड झाकून गिरणीच्या मागच्या दाराने आत आली. सगुणाबाई होती. केशरबाईने तिला बसायला पोतं दिलं. गिरणी घरघरतच होती. मग सगुणाबाईने तिच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं. दिनकररावांच्या छातीत सालाभरापासून दुखतं. घरात लसूण आणि मध चालू आहे, अर्जुनाची साल चालू आहे. आता जिना चढवत नाही. सेलूतले सगळे डॉक्टर ओळखीचे, आणि धाकट्या मुलीची सोयरीक चालली आहे.

"तुमच्या डॉक्टरचं नाव तेवढं सांगा," ती म्हणाली. "पन हळू सांगा. ओट्यावर बाया हायत."

केशरबाईला हिच्या जावांनी सोडलेली कुशावर्ताची वेणी आठवली. ताटात साचलेलं तूप आठवलं, दहाव्याची रिकामी झालेली बैठक आठवली. हिला हात धरून बाहेर काढावं असं तिला मनापासून वाटलं. पण सेलूत एक माणूस जिन्याच्या पायथ्याशी छाती धरून उभा होता, आणि त्याला तिने ओळखलं.

तिने कुशावर्ताला खूण केली. कुशावर्ताने खटका पाडला. पट्टा मंदावत थांबला, चक्की थांबली, आणि ओट्यावरच्या बाया काय झालं म्हणून आत पाहू लागल्या.

"परभणीला सोनकांबळे डॉक्टर," केशरबाई खणखणीत म्हणाली. "दिनकररावांना उद्याच घेऊन जावा. लसणानं छातीतलं दुखणं थांबायचं न्हाई, आमच्या घरात थांबलं न्हाई. अन् दोन्ही लेकरांचं रक्त तपासा."

सगुणाबाई ताडकन उठली. पदर कधीच खांद्यावर आला होता.

"माझ्या लेकीचं वाटोळं केलंत," ती म्हणाली.

"माझ्या लेकीच्या बापाचं मी केलं, इहीणबाई. तुमच्या लेकीचा बाप अजून हाय."

सगुणाबाई ओट्यावरच्या बायांमधून वाट काढत रस्त्याला लागली. ती परभणीच्या डॉक्टरकडे गेली की तशीच सेलूला, ते ताडकळसात कुणाला कळलं नाही. रांगेतल्या पहिल्या बाईने आपला डबा पुढे सरकवला आणि कुशावर्ताने गिरणी पुन्हा चालू केली.